दोनच दिसत्यात

मुख्याध्यापकांनी फॉर्म पुढं सरकवला:
संगणक कक्षासाठी शोधयंत्र, एकच नाव लिहा,
शनिवारपर्यंत, काळ्या शाईत.
चौदा मशिनं. त्यांतली अकरा चालू.
चांगल्यातल्या चांगल्या मशिनची 'ळ'ची कळ
दोनदा दाबावी लागते,
आणि आमच्या चिखलीत 'ळ'शिवाय काय होतंय?
गूळ, गुऱ्हाळ, मळी, तुळशी नदी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बसलो
तीन खिडक्या उघडून,
स्थळं बघावीत तशी तीन यंत्रं बघत.
पहिल्यानं आधी माझंच नाव, गाव, वय विचारलं.
मी म्हटलं, बाबा, प्रश्न मी विचारायचेत.

दुसऱ्याला नुसतं 'कोल्हापुरी' लिहून दिलं.
चप्पल आली. मटण आलं. साज आला.
विसरलेला डबा न्यायला आलेली सुहाना शिकलगार
मागं कधी उभी राहिली कळलं नाही.
"सर, ह्यात मी कुठं हाय?"
खाली खाली सरकत गेलो. ती नव्हती.
अकराव्या ओळीवर एक हॉटेल होतं,
तेही पुण्यातलं.

माझे वडील गुळव्या होते.
रात्रभर काहिलीपाशी, डोळे धुरानं लाल.
रानभेंडीचा चिकट रस सोडून मळी वर आणायची,
झाऱ्यानं उपसून बाजूला टाकायची,
आणि शेवटी थेंबभर पाक गार पाण्यात टाकून
बोटांत गोळी वळते का बघायचं.
पुढं मालकानं थर्मामीटर दिला,
तो त्यांनी खिशाला लावला, पेनासारखा.
बाजारात मात्र पिवळाधमक गूळ आधी उठायचा,
हायड्रोस मारलेला.
ह्यांच्या तांबूस ढेपा पार कडेला, बारदानाखाली.
"गिऱ्हाईक रंगाला भुलतंय," एवढंच म्हणायचे,
आणि बिडी पेटवायचे.

ते आठवलं,
कारण तिन्ही खिडक्यांतल्या वरच्या ओळी
तशाच पिवळ्याधमक होत्या.
कोपऱ्यात 'जाहिरात' असं लिहिलेलं,
इतकं बारीक की पाचवीच्या पोराला
नक्षीच वाटावी.

मग सुहानाला म्हटलं, आता तू विचार.
तिनं एका बोटानं लिहिलं, 'ळ' दोनदा दाबत:
पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या.
पहिलं म्हणालं, पाच. पुढं काही नाही.
दुसरं म्हणालं, पाच,
आणि नदीकाठच्या प्लॉटचे दर दाखवू लागलं.
तिसरं जरा रेंगाळलं. मग म्हणालं,
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि सरस्वती, जी गुप्त आहे असं लोक मानतात.
खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, साल होतं.
'असं लोक मानतात' ह्या तीन शब्दांवर
माझं बोट थांबलं.
पाण्यात टाकलेली गोळी वळली होती.

मी खूश होऊन तिच्याकडं बघितलं.
ती नव्हती खूश.
"आमचं घर संगमाजवळच हाय की वो, सर.
मला दोनच दिसत्यात."

दोनच.
तीन यंत्रं, एक मास्तर, वीस वर्षांची नोकरी,
आणि घाटावर उभं राहून
आम्हांतल्या कुणी मोजलंच नव्हतं.
"बाकीच्या वरच मिळाल्या असतील," मी म्हटलं.
"कुठं?" ती म्हणाली.
मला सांगता आलं नाही.
तिनं डबा उचलला आणि गेली.

फॉर्मवर तिसऱ्याचं नाव लिहिलं.
त्याखाली लिहिलं: सोबत तालुक्याचा नकाशा एक,
कोण म्हणालं, कशावरून, हे टिपायला वही प्रत्येकी,
आणि वर्गाला नदीच्या काठाकाठानं
वरपर्यंत चालत जायची परवानगी.

मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर नेला.
"परवानगीचा रकानाच नाही ह्यात."
"समासात लिहिलंय," मी म्हटलं.
"काळ्या शाईत."